दुसरा ब्रेक

मोटार चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांनी पन्नाशी उलटल्यावर लग्न करायचं ठरवलं, याचा ओळखीतल्या कोणाला फारसा धक्का बसला नाही. धक्का बसला तो ते हनिमूनला जाणार हे ऐकून. आणि तेही गाडीने, देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत!

“या वयात?” त्यांची थोरली बहीण म्हणाली. ताईंच्या जिभेला हाड नव्हतं, आणि धाकट्या भावाशी बोलताना तर दातांचाही अडथळा नसायचा. “लोक विशीत जातात रे. तुम्ही दोघं गुडघ्याचं तेल बरोबर घेऊन निघणार का?”

मास्तरांनी मान खाली घालून चहा ढवळला. हनिमून हा शब्द त्यांच्या तोंडून निघतच नसे. ते ‘तो प्रवास’ म्हणत आणि एवढं म्हणतानाही त्यांचे कान लाल होत.

लग्न आधी झालं नाही त्याला फार मोठं कारण नव्हतं. आई बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं त्यांनीच केलं. ती गेली तोवर स्थळं घेऊन येणाऱ्यांची ये-जा थांबली होती आणि मास्तरांनाही एकट्याची भाजी करायची सवय झाली होती. राहून गेलं, इतकंच. बाकी त्यांचं आयुष्य त्या पांढऱ्या गाडीत गेलं, जिच्या टपावर ‘शिकाऊ’ अशी पाटी होती. शिकणारा चाकामागे बसायचा, मास्तर बाजूच्या सीटवर. आणि त्यांच्या पायाशी होता दुसरा ब्रेक. शिकणाऱ्याच्या ब्रेकला लोखंडी दांडीने जोडलेला, त्यांच्या एकट्याच्या मालकीचा.

तीसेक वर्षांत त्या ब्रेकने किती भिंती, किती गाई आणि किती म्हातारे वाचवले याची गणती नाही. पण मास्तरांचा उजवा पाय कायमचा कामावर राहिला. बसमध्ये बसले की पाय दाबायचा. न्हाव्याने खुर्ची मागे झुकवली की पाय दाबायचा. त्यांच्या उजव्या बुटाचा तळ नेहमी आधी झिजे, मोची म्हणायचा, “मास्तर, एकाच पायाने चालता का हो?” आणि धावत्या गाडीत त्यांचा डोळा म्हणून कधी लागला नव्हता. सोबतचे लोक माना टाकून घोरत असायचे आणि मास्तर समोरच्या रस्त्याकडे असे बघत बसायचे, जणू तो ताब्यात घ्यायला सरकारने त्यांनाच पाठवलंय.

चष्म्याच्या दुकानातल्या बाई त्यांच्याकडे शिकायला आल्या तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढे होत्या. लोकांचे डोळे तपासायचे, काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, नाकावर चष्मा सरळ बसला की नाही हे एक डोळा मिटून पाहायचं, असं त्यांचं काम. हात कमालीचा स्थिर. गाडीही त्यांनी लवकर आत्मसात केली. फक्त एक खोड होती. गाडी थांबली की त्या विचारायच्या, “मास्तर, आत्ता ब्रेक मी लावला की तुम्ही?”

“दोघांनी,” मास्तर म्हणायचे.

हे उत्तर ते सगळ्यांनाच देत. शिकणाऱ्याचं मन मोडू नये आणि त्याला शिंगंही फुटू नयेत, असं ते घोटून घोटून तयार झालेलं उत्तर होतं. बाकीचे शिकाऊ त्यावर खूश व्हायचे. बाई मात्र चष्म्यावरून त्यांच्याकडे एक क्षण बघायच्या आणि पुन्हा गिअर टाकायच्या. लायसन्स हातात आल्यावर त्या मास्तरांच्या ऑफिसात आभार मानायला आल्या आणि निघताना दाराशी घुटमळल्या. मास्तरही उगाच खुर्ची पुसत राहिले. मग दोघांनी चहा घेतला. असे बरेच चहा झाले, आणि एका चहाला मास्तरांनी विचारून टाकलं. बाई “बरं” म्हणाल्या. त्यांचा स्वभावच तसा, एका शब्दात काम उरकणारा.

प्रवासाची आखणी रविवारी दुपारी, दुकान बंद असताना, आतल्या खोलीत व्हायची. भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, टेबलावर पसरलेला नकाशा, आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर जाड भिंगं ठेवलेली. छताचा पंखा दमट हवा इकडची तिकडे करत होता. मास्तरांनी पेन्सिलीने रस्ता आखून आणला होता.

“पहिला दिवस सरळ रस्ता. दुसऱ्या दिवशी वळणं, पण सौम्य. मग नदीवरचा अरुंद पूल. त्यानंतर जेवण, थोडी विश्रांती, आणि चढावर गाडी उभी करून पुन्हा उठवणे. घाट अगदी शेवटी.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“मास्तर, हा हनिमून आहे की अभ्यासक्रम?”

मास्तरांचे कान तापले. बाई हसल्या आणि त्यांनी पेन्सिल आपल्याकडे घेतली. त्यांना हवं होतं ते वेगळंच. केळीच्या बागांमधून जाणारा जुना रस्ता, कारण त्यांच्या एका गिऱ्हाइकाने तिथल्या सावलीचं फार कौतुक केलं होतं. गाड्या तराफ्यावर चढवून जिथे नदी ओलांडतात ती जागा. जंगल. आणि शेवटी घाट उतरून समुद्र. वरच्या शेवटच्या वळणावर तो एकदम समोर येतो म्हणे.

“बाकी तुम्ही ठरवा,” त्या म्हणाल्या. “माझी एकच अट. घाटातून गाडी मी उतरवणार.”

“चालेल,” मास्तर म्हणाले. तोंड म्हणालं. पाय टेबलाखाली फरशीवर दाबला गेला होता.

शिकवणीची गाडी न्यायला बाईंनी साफ नकार दिला. टपावर पाटी लावून हनिमूनला जाणारं जगातलं पहिलं जोडपं व्हायची त्यांना हौस नव्हती. शेवटी ताईंच्या यजमानांनी, म्हणजे भावजींनी, आपली निळी गाडी देऊ केली. गाडी चांगली होती, पण बाजूच्या सीटसमोर पाय ठेवायला नुसती मोकळी जागा. मास्तर त्या जागेकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मग तेल बघून घेतो असं सांगून गाडी मिस्त्रीकडे घेऊन गेले.

मिस्त्रीने काम ऐकून घेतलं आणि पान्हा खाली ठेवला. “मास्तर, लग्नाला लोक गाडीला फुलं लावतात.”

“तू दांडी नीट बसव. आवाज नको यायला.”

दुसरा ब्रेक बसवला त्याने. मास्तरांनी त्यावर नवीन जाड पायपुसणं अंथरलं, चार वेळा लांबून बघितलं आणि निर्धास्त झाले. यात काही लपवाछपवी आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. आपण बायकोसाठी केवढी तयारी केली, याचंच त्यांना समाधान होतं. भला माणूस चुकतो तेव्हा तो असाच हसतमुखाने चुकतो.

लग्नाला आठवडा उरला असताना बाई गाडी बघायला आल्या. पिशवी पायाशी मावते का बघू म्हणून त्या बाजूच्या सीटवर बसल्या, पाय लांब केले, आणि टाच लोखंडाला लागली. त्यांनी पायपुसणं उचललं.

“हे काय?”

“सुरक्षिततेसाठी,” मास्तर म्हणाले. “घाट आहे ना.”

बाईंनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं, असं मास्तरांना पुढे कितीतरी वेळा वाटलं.

“मास्तर, लहानपणी मला सायकल हवी होती. बाबा म्हणाले, पडशील. नोकरीला दुसऱ्या गावी निघाले होते, तर दादा म्हणाला, कशाला, इथे काय कमी आहे. कोणी वाईट नव्हतं हो. सगळ्यांना माझी काळजीच होती. तुमच्याकडे गाडी शिकले, तरी रोज विचारायचे ना मी, कोणी थांबवली म्हणून? तुम्ही म्हणायचात दोघांनी. परीक्षेच्या दिवशीसुद्धा हा दुसरा ब्रेक होताच बाजूला. खिशात लायसन्स आहे माझ्या, पण गाडी मला येते का, हे मला अजून माहीत नाही.”

“येते हो. उत्तम येते.”

“मग हा कशाला?”

मास्तर बाहीने खिडकीची काच पुसू लागले.

“हा असेल तर मी येणार नाही,” बाई म्हणाल्या. “प्रवासाला नाही, आणि मग लग्नाचंही पुन्हा बघावं लागेल. मला संसार करायचाय. शिकवणी एकदा झाली माझी.” त्यांनी पायपुसणं पूर्वीसारखं नीट अंथरलं, दार हळू लावलं आणि चालत घरी गेल्या.

ताईंना कळलं तेव्हा त्यासुद्धा पहिल्यांदाच गप्प बसल्या, आणि ते मास्तरांना टोमण्यांपेक्षा कठीण गेलं. ब्रेक काढायला अर्धा तास पुरला असता. पण मिस्त्रीच्या दारापर्यंत जाऊन ते दोनदा परत आले.

तिसऱ्या दिवशी त्यांची शिकवणी एका निवृत्त शिक्षिकाबाईंना होती. हात चांगला बसलेला, आठवड्यात परीक्षा. मोकळ्या मैदानाच्या कडेचा रिकामा रस्ता बघून मास्तरांनी मनाशी ठरवलं की आज पाय सीटखाली ठेवायचे. ठेवले. दोन वळणं गेली, तिसरंही गेलं. मग एक कुत्रं आळस देत रस्त्यावर आलं, चांगलं लांब होतं, आणि मास्तरांचा पाय सुटलाच. गाडी गचकन थांबली.

शिक्षिकाबाई हिरमुसल्या. “मास्तर, मी लावतच होते की.”

“हो का?”

“नेहमीच लावत असते. तुम्ही आधी लावता.”

कुत्रं निघून गेलं तरी गाडी तिथेच उभी होती. इतक्या वर्षांत आपल्या हाताखालून शेकडो माणसं गेली, त्यांच्यापैकी कोण स्वतःहून थांबलं असतं, हे आपल्याला ठाऊकच नाही, असं त्यांना वाटलं. आपण कधी तेवढा वेळच दिला नाही. त्यांना मनापासून वाईट वाटलं.

तिथून ते सरळ चष्म्याच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. ते डोळे तपासायच्या उंच खुर्चीवर बसले, कारण दुसरी खुर्ची नव्हती. समोर तो अक्षरांचा तक्ता.

“बाई, मला भीती वाटते.”

बाई काच घासायच्या थांबल्या.

“घाटाची नाही. तुम्ही चालवाल याचीही नाही. इतकी वर्षं माझ्याकडे सांभाळून ठेवावं असं काही नव्हतं. आता आहे. एवढ्या उशिरा मिळालंय, आणि पायाखाली काहीच नसलं की मला वाटतं, हे जाईल.”

बाईंनी हातातली काच मऊ कापडावर ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीसारखाच होता.

“मग भ्या ना. मी कुठे नको म्हणते? मलाही वाटतेच की भीती. फक्त पाय वर घेऊन भ्या.”

मास्तरांना हसू फुटलं. त्याच दुपारी मिस्त्रीने ब्रेक काढला, जुन्या फडक्यात गुंडाळून पुढे केला. मास्तर तो घ्यायला विसरले, की मुद्दाम ठेवून गेले, हे मिस्त्रीला कळलं नाही.

लग्न कचेरीत, सह्या करून झालं. ताईंनी दोघांना खाऊचा डबा दिला आणि खरोखरच गुडघ्याचं तेलही दिलं. निळी गाडी निघाली. केळीच्या बागांमधली सावली ऐकली होती तशीच गार निघाली. तराफ्यावर गाडी डुलली तेव्हा मास्तरांनी तिथेही पाय दाबला आणि बाई पोट धरून हसल्या. जंगलातल्या विश्रामगृहात डास फार होते, पण तक्रार कोणी केली नाही.

घाटाच्या माथ्यावर मास्तर चाकामागून उतरले आणि बाजूला येऊन बसले. बाईंनी सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, गाडी काढली. पहिली काही वळणं मास्तरांचा पाय पायपुसण्यात रुतून होता. एका वळणानंतर अचानक शेळ्यांचा कळप. त्यांचा पाय दाबला गेला, खाली काहीच लागलं नाही, आणि गाडी शांतपणे उभी राहिली. हिसका बसला नाही. डब्यातला चमचासुद्धा वाजला नाही. शेळ्या खिडकीला अंग घासत गेल्या.

बाईंनी या वेळी विचारलं नाही. त्या नुसत्या समोर बघत होत्या.

“हा तुमचा होता,” मास्तर आपणहून म्हणाले. “एकट्या तुमचा.”

बाईंनी मान हलवली आणि गिअर टाकला. थोड्या वेळाने मास्तरांनी बूट काढले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटवर मांडी घालून बसले. खिडकीतून ओल्या पानांचा वास येत होता. वळण डावीकडे, वळण उजवीकडे. त्यांना समुद्र केव्हा दिसतो ते बघायचं होतं.

डोळे उघडले तेव्हा मान खांद्यावर कलंडली होती आणि गालावर खारा वारा लागत होता. मास्तर दचकले. मांडी सुटली, अनवाणी पाय सवयीने खाली गेला आणि जोरात दाबला.

गाडी केव्हाची थांबलेली होती. समोर वाळू होती, वाळूपलीकडे समुद्र. बाई बॉनेटवर बसून ताईंच्या डब्यातलं खात होत्या, आणि आवाज होऊ नये म्हणून डब्याचं झाकण त्यांनी मांडीवर धरलं होतं.