काठोकाठ भरलेलं घमेलं
लोखंडी घमेलं दिसलं की मला बहात्तरच्या दुष्काळात रिसोडजवळ चाललेलं तलावाचं काम आठवतं. वहिनीला सातवा महिना होता, म्हणून तिचं घमेलं मी रोज अर्धंच भरायचे. त्या दिवशी पाहणीला इंजिनिअर साहेब आले आणि भीतीनं मी ते काठोकाठ भरलं. भिंत पाण्याचा किती भार सोसेल, हे साहेब मुकादमाला समजावत होते. आईनं मध्येच विचारलं, "साहेब, पोटुशी बाई किती वजन सोसते, थे बी सांगा ना." "ते आमच्या पुस्तकात नाही, बाई," म्हणून साहेब हसले. वहिनी बांध चढता चढता खाली बसली. मूल गेलं. पुढे शिकून मी गरोदर बाईच्या कण्यावरचा भार यंत्रानं मोजला. तो आकडा आता पुस्तकात आहे, माझ्याच. त्या दिवशी घमेलं कुणी भरलं होतं, ते त्यात नाही.