आरशातली सोंड

रोह्याच्या वाचनालयाने 'साहित्यातील चक्रव्यूह आणि आरसा' या विषयावर बोलायला बोलावलं, तेव्हा सौभाग्यवतींनी हुकूम सोडला: वाटेत पेणजवळ उतरून गणपती आणा, डाव्या सोंडेचाच. उजव्याचं सोवळं आपल्याला झेपणार नाही. "आणि फसू नका." फसण्यात माझा लौकिक आहे, म्हणून ठाण्याहून एसटीत बसलो तो संशय पोटाशी धरूनच.

हमरापुरात घराघरात कारखाना (मूर्तींची शेड). एका दारात थबकलो. मूर्तीची पाठ माझ्याकडे. पलीकडे कारखान्याच्या मालकीण वंदनाताई आखणी (डोळ्यांचं रंगकाम) करत होत्या. दोन्ही डोळे सारखे उतरले का, ते मधूनच मान वळवून मागच्या भिंतीवरच्या आरशात पडताळत होत्या. आरशातलं ते प्रसन्न मुख पाहिलं आणि म्हणालो, "हाच!"

"आत येऊन बघा की, सर."

"पाहिला. डाव्या सोंडेचा आहे."

"बरं. रंग ओला हाय, चहा पिऊन या."

चहा झाला, पण परतीची वाट सापडेना. प्रत्येक बोळात तेच गणपती, तीच ताडपत्री. वाट विचारावी तो माणूस मला मुद्दाम भलतीकडे पाठवतोय, अशी खात्रीच पटली. घामाघूम होऊन पोचलो तर मूर्ती दाराकडे तोंड करून बसलेली आणि सोंड उजवीकडे!

"गणपती बदललात!" मी ओरडलो.

आपला गणपती रुमालाने झाकून निघालेली एक आजी थांबली. झाकलेलं मुख घरी पाटावरच उघडायचं, पण तिचा हात रुमालाकडे गेला. "गो वंदना, माजा तरी त्योच हाय ना?"

वंदनाताईंचा चेहरा उतरला. ऐन सणात असा एक प्रश्न बोळभर फिरायला कितीसा वेळ! "नको आसंल तर ऱ्हाऊ द्या," म्हणत त्यांनी मूर्ती पुन्हा भिंतीकडे फिरवली.

आरशात सोंड डावी झाली.

मूग गिळून सटकता आलं असतं. पण आजीचा हात अजून रुमालावरच होता. मग तिलाच हात धरून दारात आणलं आणि चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बघा आजी, मी गाढवाने आरशातला गणपती घेतला!"

आजी आरशाकडे, मूर्तीकडे आणि शेवटी माझ्याकडे बघून खुदकन हसली. "गो वंदना, ह्यांना आरसाच बांधून दे!"

वंदनाताई हसल्या नाहीत. डाव्या सोंडेचा गणपती पुढे ठेवून एवढंच म्हणाल्या, "आता आत या."

रोह्यात व्याख्यानाच्या टेबलावर रुमालाखाली बाप्पा होते. 'आरसा खोटं बोलत नाही' हे माझं घोटीव वाक्य आलं, तेव्हा त्यांच्यासमोर उच्चारायचा धीर झाला नाही. गाळलं.

घरी पाटावर रुमाल काढण्याआधी हिने संशयाने विचारलं, "नीट पाहून घेतलात ना?"

"आत जाऊन," मी म्हणालो.