एक धडा पुढे

जर्मनीतल्या आमच्या वाल्डॉर्फ गावच्या बेकरीत येणाऱ्यांत सर्वांत शुद्ध जर्मन बोलणारी बाई चिनी होती. आमच्या शेजारच्या लिनबाई. मुलगा माझ्या नवऱ्याच्या, जयंतच्याच सॉफ्टवेअर कंपनीत, म्हणून २००४ साली त्या इथे आल्या. त्याआधी, निवृत्त होईपर्यंत, तीस वर्षं चीनमधल्या एका विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात त्यांनी जर्मन शिकवलं, पण जर्मनी पाहिलेली नव्हती. मी चार वर्षं इथे राहून ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे ‘बरोबर, बरोबर’च्या पुढे सरकले नव्हते. मला त्यांचा हेवाच वाटायचा.

दोन वर्षांनी त्या विभागाला पन्नास वर्षं झाली. इतिहासाचं पुस्तक निघणार होतं आणि जर्मनच्या सुरुवातीबद्दल लिनबाईंनी लिहायचं होतं. तेव्हा चहा घेता घेता त्यांनी मला खरी गोष्ट सांगितली. त्या मूळच्या रशियनच्या शिक्षिका. चीनचं रशियाशी बिनसलं, रशियनचे वर्ग ओस पडले, आणि वरून हुकूम आला, सहा महिन्यांत जर्मन शिका आणि शिकवायला लागा. पहिलं वर्षभर त्या विद्यार्थ्यांच्या फक्त एक धडा पुढे होत्या.

“हे लिहू का?” त्यांनी विचारलं. “आपल्याला फसवलं, असं वाटेल माझ्या पोरांना.” ती पोरं आता साठीची!

“अहो, लिहिता कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची!” माझ्या मोडक्या जर्मनला ही म्हण पेलेना, शेवटी मूठ दाखवून समजावलं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

कसलं पटतंय! बाईंनी सगळं लिहून पाठवलं आणि मग महिनोन्‌महिने धास्तावलेल्या. एक दिवस त्या घरी नव्हत्या, म्हणून पोस्टमनने त्यांचं पार्सल माझ्याकडे दिलं. त्यांनी ते माझ्याच स्वयंपाकघरात फोडलं. पुस्तकासोबत ते पाठवणाऱ्या, पहिल्या तुकडीतल्या एका विद्यार्थ्याचं पत्र होतं. वाचता वाचता त्यांचे डोळे भरून आले, तशी मी घाबरले. मग त्यांनी मला ते जर्मनमध्ये सांगितलं.

“बाई, आम्हाला दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. पुढच्या धड्यातलं काही विचारलं की तुमचे कान लाल व्हायचे. तेव्हा आम्ही सगळ्यांनी ठरवलं, पुढचं कुणी काही विचारायचं नाही.”

आपला सल्ला कुणी ऐकला नाही याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. लिनबाई मात्र डोळे पुसून एकदम हसायला लागल्या, थांबेचनात.

“आणि मी वर्षअखेरीच्या शेऱ्यात काय लिहिलं होतं, माहीत आहे? वर्ग मठ्ठ आहे, एकही प्रश्न विचारत नाही!”