दोरी तुटली नाही

"खाली उतर. दोरी तुटेल."

हे वाक्य माझं. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या व्यायामशाळेत, एका संध्याकाळी सरावात, सगळ्या पोरींसमोर मी ते ओरडून बोललो. दोरीवर निम्मी नावाची मुलगी होती. चौदा वर्षांची. पोरी हसल्या. मी त्यांना थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं होतं.

छत्तीसगढ नुकतंच वेगळं झालं होतं. रायपूर राजधानी झाली होती. तोवर मध्य प्रदेशच्या संघात आमच्या मुली भोपाळ-इंदूरच्या मुलींमागे उभ्या राहायच्या. आता राज्याचा स्वतःचा पहिला संघ निघणार होता. दोरीच्या मल्लखांबासाठी आमच्याकडून एकच मुलगी जाणार होती.

निम्मीसारखी पकड माझ्या हाताखाली दुसऱ्या कुणाची झाली नाही. पायाच्या अंगठ्यात एकदा दोरी धरली की सुटायची नाही. पण मांड्या जाड, दंड भरलेले, रंग काळा. बाप रेल्वेत खलाशी, अंगमेहनतीचं काम. दुसरी दावेदार केतकी. बारीक, गोरी. आणि व्यायामशाळेच्या अध्यक्षांची पुतणी.

अध्यक्षांचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात. मी वर्ध्याकडून आलेला कारकून, संध्याकाळी मुलींना शिकवणारा. त्यांच्यासमोर मी कधी खुर्चीत बसलो नाही. ते म्हणाले, "गुरुजी, पहिली टीम आहे. पेपरात फोटो येईल. पोट्टी दिसायला पण बरी पाहिजे ना! ती भैंस काहून पाठवता?"

मी म्हणालो, "हव साहेब."

त्या दिवसापासून रोज आरशासमोर दोघींना शेजारी उभं करायचो. निम्मीला म्हणायचो, "हिच्यासारखी हो." निम्मी आरशात बघायची नाही. जमिनीकडे बघायची. मग ती जेवेनाशी झाली. एके दिवशी वरून हात सुटला आणि सतरंजीवर पडली. मी म्हणालो, "बघ, वजन." ते वजन नव्हतं. भूक होती. मला कळत होतं.

कळत होतं, कारण मी स्वतः लहानपणी काडी होतो. आखाड्यातले वस्ताद मला लंगोटावर मध्ये उभं करायचे, फासळ्यांवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "पोरांनो, पेटी वाजवू का?" सगळा आखाडा हसायचा. ते बोट अजून अंगावर आहे. आणि तेच बोट मी निम्मीवर फिरवलं.

निवडीच्या दिवशी बाहेरचे दोन परीक्षक आले. अध्यक्ष मधल्या खुर्चीवर. मी निम्मीला सांगितलं होतं, तू मागे बस. केतकीचं झालं, टाळ्या झाल्या. तेवढ्यात निम्मी उठली. कुणी बोलावलं नव्हतं. तिने दोरीला नमस्कार केला आणि सरसर वर गेली. वर जाऊन निद्रासन लावलं. दोरीवर आडवी, डोक्याखाली हात. घरच्या खाटेवर पडावं तशी.

मी पुन्हा ओरडलो, "खाली उतर!"

"दोरी तुटून राहिली काय, गुरुजी?"

"उतर म्हणतो!"

"तुटू द्या. मी थांबतो. दोरी कधी नाही बोलली मले. तुम्हीच बोलता."

कुणी हसलं नाही. दोरी हललीसुद्धा नाही. ती हवा तेवढा वेळ पडून राहिली आणि मनाला आलं तेव्हा उतरली. मग अध्यक्षांकडे वळली. "काका, आता तुम्ही लटकून दाखवा ना." अध्यक्षांनी पोटावरचा सदरा नीट केला.

परीक्षकांनी मला विचारलं, "लड़की अच्छी है. भेजें?"

अध्यक्ष माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "अनुशासन नहीं है."

केतकी गेली. फोटो आला. निम्मी त्या दाराने पुन्हा आत आली नाही. कुणी विचारलं की मी सांगायचो, वजनामुळे मागे पडली बिचारी. इतकी वर्षं हेच सांगत आलो. हे खोटं आहे. तिला मी मागे पाडलं.

आज रायपुरातच, पुरानी बस्तीत निम्मीची स्वतःची दोरी आहे, कडुनिंबाला बांधलेली. जाड, बारीक, काळ्या, उंच, सगळ्या पोरी चढतात. आरसा नाही. तिने शिकवलेल्या दोन मुली राज्याच्या संघात गेल्या, आणि आमच्या व्यायामशाळेला अचानक आठवलं की निम्मीचा गुरू मी. येत्या रविवारी माझा सत्कार आहे. शाल, श्रीफळ. अध्यक्षांचा मुलगा आता अध्यक्ष आहे.

मी तिच्याकडे गेलो. हात जोडले. म्हणालो, तुला मीच मागे पाडलं. तिने एका पोरीचा पाय दोरीत नीट बसवला, मग माझ्याकडे बघितलं.

"इथे काहून सांगून राहिले, गुरुजी? तिथे सांगा."

सांगणार आहे. शाल खांद्यावर पडायच्या आधी. भैंस कोण म्हणालं, हव कोण म्हणालं, परीक्षकांना काय सांगितलं, सगळं. नावानिशी. माइक बंद करतील. करू देत. त्या व्यायामशाळेत माइक नव्हता, तेव्हाही माझा आवाज शेवटच्या पोरीपर्यंत पोचत होता. "दोरी तुटेल" सगळ्यांनी ऐकलं होतं.

हेही ऐकतील.