आयुष्य वाढवणारं स्वप्न

उल्हासनगरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते. ‘स्वप्नं का पडतात’ हा भाग तर माझा हातखंडा. एक सिद्धांत म्हणतो, मनात दाबलेली इच्छा वेष बदलून येते. दुसरा म्हणतो, स्वप्न ही संकटाची तालीम. तिसऱ्याच्या मते झोपलेला मेंदू काहीबाही खुडबुड करतो आणि आपण त्याची गोष्ट जुळवतो. तिन्ही लिहा, पूर्ण मार्क मिळतील, असं मी मुलांना सांगते.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी सुकटीचं कालवण आणि भात खाऊन आडवी झाले, आणि स्वप्नात माझ्या सासूबाई वारल्या. बाहेरच्या खोलीत आमची अख्खी बुवापाडा वस्ती जमली होती. मी मात्र आत, त्यांच्या खोलीत, टेप घेऊन खिडकीखालची भिंत मोजत होते. मुलीच्या अभ्यासाचं टेबल बरोबर बसत होतं. मला इतकं हलकं वाटलं की जाग आल्यावरही ते थोडा वेळ टिकलं. मग मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलगी बारावीला आहे. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, कुकरच्या शिट्ट्या ऐकत अभ्यास करते. दिवाळीनंतर सासूबाई बदलापूरला माझ्या धाकट्या दिरांकडे राहायला जाणार होत्या. विषय त्यांनीच काढला होता. त्यांची खोली मग मुलीला मिळणार होती. “कशाला हो आई?” एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, “झोपेत काय पुटपुटत होतीस गं?”

मी गडबडले. “तुम्ही गेलात असं दिसलं, आई.”

वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण त्यांचा चेहरा खुलला. उपास, श्राद्ध, पंचांग हे सगळं आमच्या घराने धम्म घेतला तेव्हाच सोडलं. ज्योतिष्याला सासूबाई दारात उभं करत नाहीत. पण स्वप्नात मरण दिसलं की त्या माणसाचं आयुष्य वाढतं, ही एक समजूत सगळ्यांची नजर चुकवून त्यांच्याजवळ राहिली आहे.

“वाढलं बघ माझं आयुष्य! आणि तू रडलीस का?”

“खूप,” मी म्हणाले.

शेजारच्या काकूंना ही बातमी त्यांनी लगेच दारातूनच दिली. सून माझ्यासाठी झोपेत रडली, असं. मी कपबशा विसळायला उठले. तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती.

पण मुलगी माझ्याच नोट्स वाचते. “मम्मी, तू तर लिहिलंयस, स्वप्न म्हणजे दाबलेली इच्छा. मतलब तुला आजी...” पुढचं तिने गिळलं.

“ते फार जुनं झालं. आता कोणी मानत नाही,” मी घाईने म्हणाले. वर्गात मी असं कधी म्हटलेलं नाही.

सासूबाई हसल्या. “अगं, बरोबरच लिहिलंय तिनं. मी लय जगावं हीच इच्छा तिची. म्हणून तर मला मारलं!”

पुढचे दोन-तीन दिवस मी स्वतःसाठी वकील शोधत होते. तालीम म्हणावं, तर तालमीला टेप घेऊन कोण जातं? मेंदूची खुडबुड म्हणावं, तर माप इतकं नेमकं कसं? तरी शेवटी त्या तिसऱ्याच सिद्धांताचा हात धरला. मेंदू काहीही करतो, त्याला आपण काय करणार? त्यावर थोडी शांत झोपही लागली.

बुधवारी कॉलेजातून आले, तर सासूबाई दारातच थांबल्या होत्या. “धाकट्याला फोन केला मी. म्हटलं, आता काय मी येत नाय. मोठी सून माझ्यासाठी येवढी रडली, तिला सोडून कुठं जाऊ?” त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरले होते.

“बरं केलंत, आई,” मी म्हणाले.

आणि मला राग आला. खोली गेली, हेच आधी मनात आलं. त्या माझा हात कुरवाळत होत्या आणि मी टक्क जागी होते.