डॉन ओनोफ्रेचे एक मीटर वीस

डॉन ओनोफ्रे बार्रियाची आयुष्यभराची कमाई म्हणजे एक वाक्य. "आपल्या गल्लीचा पाण्याचा पाइप जमिनीखाली एक मीटर वीसवर आहे, आणि तो मी घातलाय." हे वाक्य मी लग्नात ऐकलंय, मयतीला ऐकलंय, आणि कोकरू आगीवर भाजत असताना तर दर रविवारी ऐकलंय. एकतीस वर्षांपूर्वी कान्यादोन लार्गोत नळ आले तेव्हा हा खोदकामावर मुकादम होता. कुदळी इतरांनी मारल्या, याने शेजारी बसून माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, प्यायला. पण जमीन जिथवर गोठते त्याच्याही खाली पाइप नेल्याचं श्रेय मात्र सगळं याचं.

दुसरी मिरवण्याची गोष्ट म्हणजे 'इथलाच जन्म, इथलीच वाढ'. आमच्याकडे ही पदवीच आहे, आणि ज्यांना दुसरी मिळत नाही ते ही लावतात. ओनोफ्रेची आई चिलोए बेटावरून बोटीने आली, मेंढ्या कातरायला आलेल्या नवऱ्याच्या मागोमाग, तेव्हा हा पोटात होता. ती उतरल्यावर अकरा दिवसांनी हा जन्मला. त्या अकरा दिवसांच्या जोरावर त्याने सत्तर वर्षं बाकीच्यांना उपरे ठरवलं.

मे महिना लागला, म्हणजे आमच्या दक्षिण टोकाला हिवाळा लागला, की बोइना टोपी कानांवर ओढून हा गल्लीत फेरी काढायचा. प्रत्येक घराच्या मोरीशी कान लावून नळ चालू आहे की नाही ते बघायचा. वाहतं पाणी गोठत नाही, म्हणून हिवाळाभर दिवसरात्र नळ थोडा सोडून ठेवायचा, हा आमचा रिवाज.

"डोन्या नेलिदा, तुमची धार फारच बारीक वाटते."

"काडीएवढी आहे की."

"काडीने काय होतंय? पेन्सिलीएवढी हवी. मी इथला आहे, मला विचारा."

मी पेन्सिलीएवढी करायची. सगळेच करायचे. आणि गल्लीच्या टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी जो एकच सार्वजनिक नळ होता, त्याला सकाळी अकरापर्यंत थेंब यायचा नाही. त्या नळावर टेकडीवरची तेवीस घरं जगत होती. ती माणसं उत्तरेकडून कामाला आलेली. कासिमिरा तोलाबा त्यांतलीच. खाली बाजारात भाजी विकायची. मागच्या हिवाळ्यात तिचा नवरा दोन बादल्या घेऊन चढताना बर्फावर घसरला आणि खुबा मोडून बसला. तेव्हापासून घरातलं सगळं पाणी ती एकटी वर वाहायची. तिला हवी होती फक्त नळाची जोडणी, बाकी काही नाही.

ओनोफ्रेने ती अडवायला कागद काढला. 'थंडीत राहण्याची समज येईपर्यंत टेकडीवर जोडण्या देऊ नयेत.' पहिली सही त्याची, दुसरी त्याच्या बायकोची, तिसरी माझी. का केली? तो दारात उभा होता, दार उघडं होतं, आणि घरातली ऊब बाहेर चालली होती. याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

जुलैच्या पहिल्या रविवारी दुपारी शाळेच्या जेवणघरात सभा भरली. ओनोफ्रे उभा राहून नाकाने कांदे सोलू लागला.

"ही माणसं उन्हातली. बर्फ कशाशी खातात यांना माहीत नाही. जोडणी दिली की पहिल्याच आठवड्यात पाइप फोडून ठेवतील, मग बसा आपण बोंबलत!"

कासिमिरा उठली. बुटकी बाई, आवाजही चढवला नाही.

"डॉन ओनोफ्रे, माझं गाव उत्तरेला आहे, पण पार डोंगरमाथ्याच्या पठारावर. जुलैत पहाटे उणे वीस होतं. इथं किती होतं?"

"बारा," तो म्हणाला. मग घाईने, "कधीकधी पंधरा!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बरं. तुमचा पाइप एक मीटर वीस खाली आहे ना?"

"आहेच! मी घातलाय."

"तिथवर जमीन गोठत नाही ना?"

"कशी गोठेल?"

"मग तुम्ही सगळे नळ कशाला सोडता?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न एकालाही पडला नव्हता, मलाही नाही. आम्ही स्वतःला शहाणे समजणारे लोक.

ओनोफ्रेचे कान लाल झाले. "विश्वास नाही? खणून बघा मग!" जुलैत आमच्याकडची जमीन दगड होते, कोण खणणार, असा त्याचा हिशेब.

सोमवारी सकाळी उजाडल्या उजाडल्या कासिमिरा टेकडीवरच्या चौघांना घेऊन माझ्या फाटकासमोर हजर. त्यांनी जुने टायर जाळून जमीन मऊ केली आणि दुपारी कुदळ चालवायला घेतली. ओनोफ्रे खुर्ची आणि माते-चहाचा थर्मास घेऊन ऐटीत येऊन बसला.

"मारा, मारा. अजून बरंच खाली जायचंय," तो म्हणाला, आणि पुढच्याच घावाला पाइप फुटला. फवारा थेट त्याच्या बोइनावर. धावाधाव करून कोपऱ्यावरची चावी बंद केली, तेव्हा कासिमिराने खड्ड्यात हात घातला. कोपरापर्यंत हात गेला आणि पाइप लागला. पाइप घातला त्या वर्षी खाली मुरूम लागला असणार आणि वर कोकरू भाजून तयार असणार, दुसरं काय!

आता हा तोंडावर आपटला असं तुम्हाला वाटेल. छे! टोपी पिळत तो म्हणाला, "वारा! एकतीस वर्षं वारा माती उडवून नेतोय. तेव्हा एक मीटर वीसच होता."

आणि अर्धी गल्ली मान डोलावू लागली. वाऱ्याने हातभराहून जास्त जमीन नेली आणि घरांचे उंबरे तेवढे जागच्या जागी ठेवले!

पाइप जोडायला मंगळवार दुपार उजाडणार होती. म्हणजे रात्रभर प्रत्येक घराच्या नळांत पाणी साचून राहणार, गोठणार आणि पाइप फोडणार. आम्हाला धार सोडण्यापलीकडे काही येत नव्हतं, आणि आता धारच नव्हती. तेव्हा ही उन्हातली बाई दारोदार फिरली. माझ्याकडे आली, पडवीत गुडघ्यावर बसली.

"ही आत येणारी चावी बंद करायची. आता सगळ्यात खालचा नळ उघडा. मग वरचा, म्हणजे हवा शिरेल. बघा, सगळं बाहेर आलं. रिकाम्या पाइपात गोठणार काय? मोरीच्या वाकड्या नळीत मूठभर मीठ टाका."

"एवढंच?"

"दोन मिनिटांचं काम. गावी आम्ही रोज संध्याकाळी करायचो. थेंब वाया जात नाही."

ओनोफ्रेने तिला उंबऱ्यावरूनच परतवलं. "मला थंडी शिकवणार ही?" सकाळी त्याच्या दक्षिणेच्या भिंतीतला पाइप फुटलेला होता आणि दुपारी पाणी सुरू झाल्यावर त्याची बायको पातेल्याने स्वयंपाकघर उपसत होती. बाकी एकाही घरात काही झालं नाही.

पुढच्या रविवारी मतदान. सगळ्यांचे हात वर, ओनोफ्रेचाही. वर म्हणतो कसा, "टेकडीच्या खोदकामावर देखरेख मी करीन. अनुभव आहे." आम्ही टाळ्या वाजवल्या. लाज वाटायला हवी होती, पण सभेत कोण लाज बाळगतो?

जुलैअखेर कासिमिराच्या घरात नळ लागला. गल्लीचा पाइप खोल घालायचं काम ऑक्टोबरात, जमीन सुटल्यावर. तोवर प्रत्येकाने रोज संध्याकाळी आपले पाइप रिकामे केले तर टेकडीवर पाणी चढेल, असं ठरलं. ठराव एकमताने झाला, तसला ठराव आम्हाला फार छान जमतो. पहिल्या संध्याकाळी मी ते केलं. दुसऱ्या दिवशी वारा सुटला होता, पडवीत जाऊन गुडघ्यावर बसायचं जिवावर आलं. धार सोडून दिली, पेन्सिलीएवढी. बाकीच्यांच्या मोऱ्याही वाहताना ऐकू येत होत्या, त्यामुळे मला बरंच वाटलं.

चार दिवसांनी सकाळी नऊच्या सुमाराला, आमच्या हिवाळ्यात तेव्हाही पुरतं उजाडलेलं नसतं, कासिमिरा माझ्या दारात आली. हातात दोन बादल्या.

"वर अजून येत नाहीये, डोन्या नेलिदा."

मी तिला आत घेतलं. तिने माझ्या मोरीतल्या चालू नळाखाली बादली ठेवली आणि उभी राहिली. बादली भरायला वेळ लागत होता. पडवीतल्या बंद न केलेल्या चावीकडे तिने एकदा बघितलं. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "थोडा मोठा करू का? चालेल ना?"

"कर की," मी म्हणाले, "लागेल तेवढं घे." केवढं मोठं मन माझं!