नाकवाल्या मिस्त्रींचे दोन डबे

गिअरबॉक्सची कामं करणाऱ्या या मिस्त्रींना गल्लीत नाकवाले म्हणतात. नाक तसं बेताचंच. नाव पडलं ते कामावरून. त्यांच्या फळीवर लांब चोचीचे दोन सारखे डबे असतात. एकात जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्सचं तेल, दुसऱ्यात मागच्या चाकांच्या आसाचं. रंग एक, दाटपणा एक, डब्यांवर अक्षर नाही. मिस्त्री अंगठ्यावर थेंब घेणार, चोळणार, हुंगणार आणि सांगणार. आसाच्या तेलात गंधक जास्त, त्याचा भपकारा थेट डोक्यात जातो. जुन्या गिअरबॉक्सला ते चालत नाही. आत पितळेच्या कड्या असतात. गिअर बदलताना त्या फिरत्या चाकाला धरून त्याचा वेग जुळवतात. आसाच्या तेलावर त्या घसरतात आणि गिअर ओरडतो. तेल बरेच दिवस आत राहिलं तर पितळही खातं. डब्यांवर नावं लिहा असं कुणी सुचवलं की मिस्त्री म्हणायचे, "वाचता येणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे जा."

गेल्या थंडीत त्यांना जबर सर्दी झाली. सर्दी गेली, ती वास घेऊनच. हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. रोज सकाळी साबणाची वडी हुंगून पाहायचे. काही कळायचं नाही. तेल मात्र पूर्वीच्याच थाटात हुंगायचे, मान डोलवायचे. खरा भरवसा फळीवरच्या जागेवर: डावा डबा गिअरबॉक्सचा, उजवा आसाचा. तीन महिने निभावलं.

मग एका सकाळी ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांच्याआधी त्यांच्या गाडीचा आवाज आला. गाडी अठ्ठावीस वर्षांची, आणि तिचं गिअरबॉक्सचं तेल मिस्त्रींनीच तीन आठवड्यांपूर्वी बदललेलं.

"मिस्त्री, दुसरा गिअर टाकला की कोकलते हो! काल एक शिकाऊ आजोबा हात जोडून म्हणाले, बाई, माझ्याकडून काय तुटलं?"

"क्लच अर्धाच दाबत असतील."

"मी दाबते तेव्हाही ओरडते. मी पण शिकाऊ का? पलीकडच्या गॅरेजवाल्याने पाहिलं. म्हणतो, कड्या गेल्या. आणि या गाडीच्या कड्या आता कुठे मिळत नाहीत. म्हणजे भंगार. खरं सांगा, गेल्या का?"

मिस्त्रींनी एक फेरी मारली. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना गिअरच्या दांडीतून खरखर थेट तळहातात आली. तेल गरम होतं, तोवरच त्यांनी गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट काढला. धार पत्र्याच्या तबकात पडली. त्यांनी थेंब चोळला, हुंगला, पुन्हा हुंगला. पाणी हुंगल्यासारखं.

लाकडी आडभिंतीपलीकडे बायको सीट कव्हर शिवत होती. मिस्त्री तिकडे गेले, अंगठा पुढे केला आणि हळूच म्हणाले, "अगं, जरा बघ."

मशीन थांबलं. तिने वास घेतला आणि मान मागे फेकली. "शी! कुजकी अंडी!"

"फळीला रंग दिला तेव्हा डबे परत कुणी ठेवले?"

"मी. डावं-उजवं कशाला बघू? तुम्ही हुंगून घेताच की!" ती थांबली. "अहो, वास येत नाही ना तुम्हाला?"

"कोण म्हणतं?"

"परवा दूध करपलं, घरभर धूर, आणि तुम्ही शेगडीशेजारी पेपर वाचत बसलेले! मला वाटलं, पेपरात काहीतरी जबरदस्त आलंय."

मिस्त्रींना हसू आवरलं नाही, पण ते फार टिकलं नाही. पितळ झिजलं असेल तर तेलात पिवळी चमक दिसते. त्यांनी पांढऱ्या ताटलीत चमचाभर तेल घेतलं आणि उन्हात धरलं. तळाशी राखाडी कण होते. ते पोलादाचे, प्रत्येक जुन्या गिअरबॉक्समध्ये निघतात. ताटली त्यांनी तीनदा फिरवली. पिवळं काही नव्हतं.

ते बाईंसमोर गेले. "कड्या शाबूत आहेत. चूक माझी. आसाचं तेल घातलं मी."

"तुम्ही?" बाईंचा चेहरा खुलला. "आता माझ्या शिकाऊंना कुठल्या तोंडाने रागवू?"

"रागवू नका. आणि पुढचं ऐका. मला तीन महिन्यांपासून वास येत नाही."

बायकोने आडभिंतीमागून येऊन दोन्ही डबे हुंगले, कमी भपकाऱ्याचा पुढे सरकवला आणि रेक्झिनच्या दोन पट्ट्या कापून चोचींना बांधल्या: गिअरबॉक्सला लाल, आसाला काळी. मिस्त्रींनी लाल पट्टीचं तेल भरलं, आतलं उरलंसुरलं धुऊन निघावं म्हणून एक फेरी मारून तेही सोडून दिलं, मग बाजूच्या भोकातून थेंब बाहेर येईपर्यंत पुन्हा भरलं.

शेवटची फेरी बाईंनी घेतली. मिस्त्री शेजारी बसले. पहिल्यांदा दुसरा गिअर किंचित कुरकुरला. मिस्त्रींनी गुडघे घट्ट धरले. दुसऱ्यांदा कुरकुर अर्धी झाली. चौकातून वळताना बाईंनी तिसऱ्यावरून दांडी मागे ओढली आणि ती लोण्यात सुरी जावी तशी गेली.

"गेला?" मिस्त्रींनी विचारलं.

"गेला! तुम्हाला ऐकू येतं ना, की तेही गेलं?"

आणि सरळ मोकळ्या रस्त्यावर, काही गरज नसताना, बाई तिसरा-दुसरा, तिसरा-दुसरा करत राहिल्या.

"अहो बाई, पुरे," मिस्त्री म्हणाले. "कड्या आज वाचल्यात. लगेच झिजवू नका."